थोडंसं झोंबणारं

औषधाच्या दुकानात शिरताच मशीनकाकूंनी मागणी केली, "दाढीनंतर गालाला लावायचं काहीतरी द्या. नाजूक कातडीसाठी. पण थोडं झोंबणारं."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "काकू, लोक न झोंबणारं मागतात. तुमचं काहीतरी भलतंच."

"आहे का नाही, तेवढं सांगा."

गल्लीत त्यांना मशीनकाकू म्हणत, कारण शिलाई मशीन आणि तोंड, दोन्ही एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नसे. नवरा मात्र बोलण्यात महाकंजूष. जन्मभर लेथवर लोखंड कातलं, आणि शब्दही तसेच मोजूनमापून काढले. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि होते नव्हते तेवढे शब्दही गेले. आता भूक लागली तरी हूं नाही की चूं नाही.

एक आवाज तेवढा उरला होता. सकाळी काकू नवऱ्याची दाढी करत आणि त्याच्याच जुन्या निळ्या बाटलीतलं लोशन गालांवर थापत. ते झोंबलं की नवरा दातांतून श्वास ओढायचा, "स्स्स!" अगदी पूर्वीसारखा. पूर्वी काकू करवादत, "एवढं झोंबतं तर लावता कशाला?" आणि वर गालावर फुंकरही घालत. आता त्या म्हणत, "अहो, बोललात की!" मग दिवसभर मशीन जरा हलकं चालायचं.

पण गाल सोलवटत चालले होते. काल डॉक्टरांनी बजावलं, "ते स्पिरिट बंद करा. उद्या जखमा चिघळतील." काकूंचं झालं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लोशन लावावं तर माणसाचे हाल, न लावावं तर घर मुकं.

दुकानदाराने तीन ट्यूब पुढे मांडल्या. काकूंनी कापड पारखावं तसा एकेक बाम बोटांत चोळून पाहिला. पहिला चिकट होता. दुसऱ्याला छान वास होता, पण दुकानदारच म्हणाला, "सोललेल्या कातडीला वासाचं नको. तिसरा घ्या, तान्ह्या बाळालाही चालेल."

काकूंनी तिसरा मनगटाच्या आतल्या बाजूला लावला आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही. काही न होणं हाच त्याचा गुण होता आणि नेमकं तेच त्यांना नको होतं. तरी तोच घेतला. बाई भांडखोर होती, पण दुष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाढी झाली. काकूंनी बोटावर बाम घेतला, तसे नवऱ्याने डोळे गच्च मिटले. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा आवळला. काकूंचा हात थबकला. इतके दिवस त्या फक्त तोंडाकडे बघत होत्या, हाताकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

त्यांनी हळूच बाम लावला. नवरा वाट पाहत राहिला. काही झोंबलं नाही. मग दांड्यावरची बोटं एकेक करून सुटली, कपाळ सैल झालं, आणि त्याने डोळे उघडले. खोलीत आवाज कसलाच नव्हता.

"रोज एवढं दुखायचं तुम्हाला?" काकूंना रडू फुटलं. "आणि मी मेली समजायची, तुम्ही बोलताय!"

रडतरडतच त्यांनी निळी बाटली मोरीत उपडी केली. तळाचं लोशन हातावर घेतलं आणि रागारागाने स्वतःच्या ओल्या गालावर थापलं. गालाची आग आग झाली.

"स्स्स!"

आवाज त्यांचाच होता. नवऱ्याने वळून पाहिलं. चांगला हात पुढे केला, त्यांची हनुवटी धरली आणि चेहरा जवळ ओढला. मग ओठांचा चंबू करायला लागला. ओठ अर्धेच जुळले. वारा कोपऱ्यातून निसटला, थोडी लाळ सांडली, आणि फुंकर गालापर्यंत पोचलीच नाही.

त्याने पुन्हा फुंकलं.

काकूंनी गाल आणखी जवळ नेला.