फाट्यावरचा मुकादम

बाबा गेले आणि त्यांच्या दोन मुलांना भांडायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे कुत्रा. घर भाड्याचं होतं, भांडीकुंडी कुणालाच नको होती आणि पुस्तकांची वाटणी वाळवीने आधीच करून टाकली होती. राहता राहिला मुकादम.

हे नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. दर रविवारी चार-पाच म्हाताऱ्या दोस्तांना घेऊन ते गावामागच्या डोंगरात चालायला जायचे. कुत्रा सगळ्यांच्या पुढे पळायचा, मग मागे येऊन प्रत्येकाच्या पोटरीला नाक लावून जायचा. एखादा झाडाआड रेंगाळला तर हजेरी पुरी होईपर्यंत स्वारी जागची हलत नसे. जात मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची. मेंढ्या काही नशिबात नव्हत्या, तेव्हा पेन्शनर राखायचा.

थोरली चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. बाबांच्या आजारपणाचे सात महिने तिने एकटीने काढले. दुपारी यंत्र बंद करून धावत घरी यायचं, त्यांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं आणि पुन्हा यंत्रापुढे जाऊन बसायचं. धाकटा शेजारच्या शहरात बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. तो शनिवारी यायचा, बाबांच्या पायाशी बसून गप्पा मारायचा, कुत्र्याला हिंडवून आणायचा आणि "ताई, तू आहेस म्हणून निभावतंय" असं म्हणून संध्याकाळची बस धरायचा. आणि बाबांचा चेहरा खुलायचा तो नेमका शनिवारी. करून करून भागली ती भागलीच. हे शल्य तिला आत कुठेतरी कायम टोचत होतं, आणि आता ते कुत्र्याच्या निमित्ताने बाहेर आलं.

"मुकादम माझ्याकडे राहील," तिने सांगून टाकलं.

"तुझ्याबरोबर तो कधी दोन पावलं तरी चाललाय का ताई? त्याला सवय माझी आहे."

"चालायला वेळ तुला होता. मी बेडपॅन धूत होते."

 तरी धाकट्याने हट्ट सोडला नाही. मग तोडगा तिनेच काढला. येत्या रविवारी तिघांनी बाबांच्या वाटेने चढायचं. वर खिंडीत वाट फुटते. डावी उतरून तिच्या गल्लीमागे येते, उजवी थेट बसथांब्याला जाते. फाट्यावर दोघांनी दोन वाटा धरायच्या. मुकादम ज्याच्या मागे येईल, त्याचा. हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. तिची खात्री होती. सकाळ-संध्याकाळ त्याच्या सांध्यांच्या गोळ्या तीच घशात घालत होती. जनावर माणसाइतकं कृतघ्न नसतं, असा तिचा हिशेब होता.

त्या घरात भांडणाचा एक नियम होता, आईच्या वेळेपासूनचा. चूक ज्याची, त्याने आधी बोलायचं. नियम ऐकायला गोड. पण आधी बोलला तो चुकला असाच अर्थ झाल्यामुळे त्या घरात भांडणं मिटली कमी, मुरलीच जास्त.

रविवारी ते चढले तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर धुकं होतं आणि पायाखाली ओला पाचोळा. बहीणभाऊ पंधरा पावलांचं अंतर ठेवून चालत होते. मुकादम बिचारा तेरा वर्षांचा, मागचे पाय आखडलेले, पण दोघांमध्ये ये-जा करत होता. एका खड्या चढावर त्याला उडी जमेना. धाकट्याने खाली बसून त्याच्या मागच्या मांड्यांना हलकेच हात दिला आणि वर सरकवला. हे याला कुणी शिकवलं, असं थोरलीच्या मनात आलं. शनिवारीच शिकला असणार. तिला रागच आला.

फाट्यावर दोघं वेगळे झाले. ती डावीकडे वळली, तो उजवीकडे.

विसेक पावलं गेली असेल, तोच मागून पाचोळा वाजला आणि ओलं नाक तिच्या पोटरीला लागलं. तिचा ऊर भरून आला. सात महिन्यांत कुणी तिला 'थकलीस का' म्हणून विचारलं नव्हतं, ते या मुक्या जिवाने विचारल्यासारखं वाटलं. पण नाक निघून गेलं. पावलं उलटी पळाली. थोड्या वेळाने ती पुन्हा आली, धापा टाकत, आणि पुन्हा परतली. नंतर मात्र आलीच नाहीत.

"जा मेल्या, तिकडेच जा," ती मागे न बघता म्हणाली. उतार संपेपर्यंत ती रडत होती, आणि हे रडणं काही सगळंच कुत्र्यासाठी नव्हतं.

घरी येऊन तिने त्याचं ताट कपाटावर टाकलं. सोमवारी पाऊस झाला, मंगळवारी कडाक्याची थंडी पडली. बुधवारी गोळ्यांचं पाकीट हाताला लागलं. गोळ्या इथे राहिल्या, म्हणजे तिकडे तो लंगडत असणार. फोन करावा, तर नियम आडवा आला. आपण का आधी बोलायचं? अख्खी रात्र मनाशी वाद घालून तिने पळवाट काढली. गोळ्या नेऊन देणं म्हणजे बोलणं नव्हे. गुरुवारी दुकानातून सुट्टी घेऊन ती आगारात पोचली.

धाकटा काचेच्या खोलीत भिंतीएवढ्या तक्त्यापुढे उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. मग त्याची नजर तिच्या पायांजवळ गेली, तिथून दाराकडे.

"त्याला बाहेर बांधलंस का?"

"कुणाला?"

"मुकादमाला. आणला नाहीस?"

तिने पाकीट पुढे केलं. "मी तर त्याच्या गोळ्या द्यायला आले. तो तुझ्यामागे आला ना?"

"दोनदा आला. दोन्ही वेळा तुझ्याकडे पळत परत गेला. मला वाटलं, झालं, ताई जिंकली." त्याचा आवाज बसत गेला. "फोन करणार होतो. पण तूच म्हटली असतीस, आता कशाला विचारतोस."

म्हटलंच असतं. हे तिला माहीत होतं. दोघं मिळेल ती बस धरून डोंगराकडे निघाले.

खिंडीखाली वनरक्षकाची चौकी होती. वनरक्षक दारातच भेटला. कुत्रा म्हणताच तो एकदम भडकला.

"आज आलात? रविवारपासून फाट्यावर बसून होता तो! एकदा या वाटेकडे बघायचा, एकदा त्या. पावसात तसाच. पाव टाकला, हुंगला नाही. दोनदा दोरी बांधून इथे आणला, दोनदा दोरी कुरतडून पुन्हा तिथेच. आज सकाळी बघतो तर आडवा." त्याने भिंतीकडच्या गोणपाटाकडे बोट दाखवलं. गोणपाटाखालून एक पंजा बाहेर आला होता, चिखलाने माखलेला. "कुणाचा हा कुत्रा?"

हेच ठरवायला ती चार दिवसांपूर्वी डोंगर चढली होती. तोंड उघडलं आणि शब्द आपोआप बाहेर पडला.

"ह्याचा," तिने भावाकडे बोट केलं.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. शनिवारी बाबांकडे बघायचा तसं, आता काही उपाय नाही हे कळल्यासारखं.

"हो," तो म्हणाला. "माझा."

वनरक्षकाने मग त्याला सोडलं नाही. माणूस आहेस की कोण, पोटचं पोर असं टाकलं असतंस का, पाळायची ऐपत नाही तर आणता कशाला, जे तोंडाला येईल ते बोलला. धाकटा खाली मान घालून ऐकत राहिला. थोरली शेजारी उभी होती. मधे एक वाक्य बोलायला तिला भरपूर वेळ मिळाला. घसा कोरडा पडला होता, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं.

धाकट्याने कोट काढून कुत्र्याला त्यात गुंडाळलं आणि उचलून तो बाहेर पडला. ती मागोमाग निघाली, तेव्हा वनरक्षकाने तिला थांबवलं. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज मऊ झाला होता.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण. मोठी."

"तुम्ही शहाण्या दिसता, ताई. समजवा त्यांना. म्हाताऱ्या जनावराला असं टाकून जात नाहीत."

दाराबाहेर धाकट्याची पावलं थांबली होती. त्याला सगळं ऐकू जात होतं.

"समजावते," ती म्हणाली.