तेल माझं, गुडघा काकूंचा

"तेल घातलंस ना? मग लगेच चांगलं कापड घेऊ नकोस. आधी चिंधी घे आणि चालव. पाय भरून येईपर्यंत चालव. तेल आत सगळीकडे पोचायला हवं."

मित्रांनो, हा आवाज शिवणबाईंचा. माझ्या मालकीण काकूंना शिवण त्यांनी शिकवलं. त्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा शब्द काकूंनी कधी खाली पडू दिला नाही. शब्द अगदी बरोबर होता. फक्त तो माझ्याविषयी होता, एवढंच सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवं होतं. मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. मी लोखंडाची आहे. काकूंचा गुडघा लोखंडाचा नाही. एवढी साधी गोष्ट उमगायला या घराला किती आटापिटा करावा लागला, आणि तो मला मुकाट्याने कसा बघावा लागला, तेच आज सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचे पाय, काळं तुकतुकीत अंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. या तळमजल्याच्या खोलीत मला रस्त्याकडच्या खिडकीपाशी ठेवलं, तेव्हा काकू नुकत्या शिवायला लागल्या होत्या. रोज सकाळी त्या माझ्या चाकाला हात लावून क्षणभर डोळे मिटायच्या आणि मग पायडलवर पाय ठेवायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कोटांच्या बाह्या, काय काय आम्ही दोघींनी मिळून शिवलं! "काकूंचा टाका म्हणजे छापल्यासारखा," असं गिऱ्हाइकं म्हणायची. माझं नाव कोणी घेत नसे, पण मी मनाला लावून घेतलं नाही.

पुढे काकूंच्या उजव्या गुडघ्यातून आवाज यायला लागला. आवाजांतलं मला कळतं. माझ्या पट्ट्याची कुरकुर वेगळी आणि ही कचकच वेगळी. शिवताना त्या मध्येच थांबायच्या, उठताना माझ्या फळीचा आधार घ्यायच्या आणि "आई गं" म्हणायच्या. मग काय विचारता! गुडघा एक आणि सल्लागार सतरा. कोणी शेक सांगितला, कोणी पट्टा दिला, कोणी घरी येऊन चोळूनही गेलं. माझ्यावर आठवडेच्या आठवडे झाकण असायचं आणि झाकणावर लोकांनी आणलेल्या बाटल्या.

आता खरी अडचण ऐका. काकूंची थोरली बहीण, त्यांना मीही ताईच म्हणते, दोन गल्ल्या पलीकडे चौथ्या मजल्यावर राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. ताईंना दम लागतो, म्हणून त्यांना खाली उतरायची मनाई. काकूंचा गुडघा हा असा, म्हणून वर चढायची सोय नाही. जन्मभर एकमेकींच्या घरात वावरलेल्या बहिणी आता फोनवर भेटायच्या.

"धाकटे, येतेस का गं?"

"येते गं. वचन देते, येते. गुडघा जरा वळणावर येऊ दे."

"तुझा गुडघा वळणावर येईपर्यंत मी वर जायची."

"चौथ्या मजल्यावर बसली आहेस, आणखी किती वर जाशील?"

दोघी खूप हसायच्या. मग फोन ठेवून काकू माझ्या चाकावर हात टेकून नुसत्या बसायच्या. ते हसणं मला कधी खरं वाटलं नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत हाडांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. तयार कोटाच्या बाह्या त्यांना नेहमी लांब होतात, म्हणून त्या इथे येतात. त्यांनीच काकूंना दवाखान्यात बोलावलं आणि गुडघ्याचा एक्स-रे काढला. हाडांमधली गादी झिजली होती, पण पुरती संपली नव्हती. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी काकूंचं पोट बिघडत होतं. तेव्हा जेलचं इंजेक्शन देऊन बघू, असं ठरलं.

इथे काका मध्ये पडले. काका म्हणजे काकूंचे यजमान. त्यांनी आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त केले. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना पंपच वाटते.

"अगं, सोप्पं आहे. सांध्यात वंगण असतं, ते पातळ झालंय. आता सुईने नवीन भरणार. आपण पंपाला ग्रीस भरतो तसं."

"आणि भरल्यावर?"

"भरल्यावर काय, पंप चालू! हिलाच विचार की." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला विचार! मित्रांनो, विचारलं कोणी? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, बाबांनो, मला दुखत नाही, मला सूज येत नाही, माझं चाक झिजलं तर नवं मिळतं. माझा दाखला देऊ नका.

इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की दोन दिवस जपा, जिने नकोत, फार वेळ उभं राहणं नको, मशीनवरचं काम तर मुळीच नको. काकू म्हणजे दिलेला शब्द पाळणारी बाई. पण घरी आल्या, आणि कानात शिवणबाई बोलू लागल्या.

"अहो, काम करू नको म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई?"

"काम नकोच करूस."

"मी नुसती चिंधी घेते. चिंधीवर चालवणं म्हणजे काही काम नव्हे."

"छे, ते कुठलं काम! चालव. आत पोचायला तर हवंच."

आणि काकूंनी माझ्या सुईखाली चिंधी घातली. काय सांगू तुम्हाला! मी दोरा तोडला. त्यांनी ओवला. मी पुन्हा तोडला. "आज ही का अशी वागते?" म्हणत त्यांनी मलाही तेल घातलं आणि पुन्हा पायडल मारायला लागल्या. काका शेजारी उभे राहून "हां, बसतंय, बसतंय" म्हणत होते. काय बसत होतं, देव जाणे.

संध्याकाळी गुडघा टम्म फुगला. काकांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि निकाल दिला, "माल चांगला नसणार." काकूंनी ताईंना फोन केला.

"फुकट गेलं गं ते इंजेक्शन. आता हा गुडघा काही चढत नाही."

पलीकडून ताई म्हणाल्या, "राहू दे. फोन आहे की आपला."

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनीच डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं, बहुधा भांडायला. बाई स्टुलावर बसल्या, गुडघ्यावरून हात फिरवला. ताप आला होता का, कातडी लाल किंवा गरम झाली का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं.

"थोडीफार सूज येते कोणाकोणाला, पण एवढी? केलंत काय?"

काका पंख्याकडे बघू लागले.

"चिंधीवर चालवलं," काकू पुटपुटल्या.

"काय चालवलं?"

"मशीन. आत पसरायला."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जणू कट मीच रचला होता! मग कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाल्या, "अहो काकू, हे मशीनचं तेल नाही. सांध्यात मुळातच एक दाट, चिकट पाणी असतं. त्याच्यासारखंच हे जेल. ते पसरवायला पाय मारावे लागत नाहीत. आज घातलं आणि उद्या पळा, असंही होत नाही. गुण यायला काही आठवडे जातात. आला तर काही महिने टिकतो. कोणाला छान येतो, कोणाला बेताचा, कोणाला येतच नाही. हे मी आधीही सांगितलं होतं."

"मग झिजलेली गादी?" काकांनी विचारलं.

"ती परत उगवत नाही, काका."

"मग उपयोग काय याचा?"

"दुखणं कमी झालं तर व्यायाम करता येतो, मांडीत बळ येतं, आणि मग मांडी गुडघ्याचा भार उचलते. ते काम सुईचं नाही. ते यांनीच करायचं."

काकूंनी हळूच विचारलं, "चार जिने जमतील का?"

"आज नाही सांगता येणार. आधी सूज उतरू द्या. जमलं तर सावकाश, कठडा धरून. चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली." मग उठता उठता त्या म्हणाल्या, "आणि हिला एक मोटर लावून टाका."

मोटरचं नाव काढलं की काकू एरवी चिडायच्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या चाकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लावू या."

माझा पट्टा काढला. जन्मभर चाललेलं माझं पायडल आता खाली नुसतं लोंबतं. वाईट वाटलं का? वाटलं. पण ज्या पायांनी मला इतकी वर्षं चालवलं, त्यांना माझ्यामुळे थोडा आराम मिळाला, ही काय कमी गोष्ट झाली?

सूज उतरली. मग वाट बघणं आलं, आणि वाट बघण्यात काकांनी पुन्हा डोकं उठवलं. सकाळी उठल्या उठल्या, "आला का गुण?"

"अहो, तो काय टपालाने यायचाय?"

काकू खुर्चीत बसून पाय सरळ करायच्या, तसाच धरून ठेवायच्या. काका शेजारी मोजायचे आणि बायकोची दया येऊन मधले आकडे गाळायचे. "पुन्हा मोजा," काकू शांतपणे म्हणायच्या. त्यांनी हा व्यायाम रोजच्या प्रार्थनेला जोडूनच घेतला होता. तो चुकवणं त्यांच्याने होणारच नव्हतं.

आणि मग एका सकाळी त्या माझ्यासमोरून उठल्या. माझ्या फळीला हात न लावता, "आई गं" न म्हणता. त्यांच्याही ते ध्यानात आलं नाही. मला तेवढं कळलं. गुडघा नवा झालेला नाही. सकाळी अजून आखडतो, मधूनच कचकचतो. पण कालच्यापेक्षा आज बरा आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसत जा, मला वेळेवर तेल घाला, मी तुमच्या नातवंडांचेही कपडे शिवीन. पण हाडामांसाच्या माणसाला माझ्या मापाने मोजू नका. औषध काय करतं, काय करत नाही आणि त्याला किती दिवस द्यायचे, हे देणाऱ्यालाच विचारा, आणि ऐकल्यावर तसंच वागा. लोखंडाला घाई चालते. माणसाला थोडा अवधी द्यावा लागतो.

आज दुपारी काका तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपले आहेत. काकूंनी पडद्याची शेवटची शिवण संपवली, मोटर बंद केली, माझ्यावर झाकण घातलं. ताईंना फोन केला नाही. फोनवर "येते" असं त्या इतक्यांदा म्हणाल्या आहेत, की आज त्यांना ते म्हणायचंच नव्हतं. त्यांनी काठी घेतली, उंबऱ्याशी क्षणभर डोळे मिटले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. कोपऱ्यावर थांबून त्यांनी गुडघ्यावर एकदा हात ठेवला, आणि ताईंच्या इमारतीकडे वळल्या.