ताईचा डावा हात

अर्धांगवायूचा झटका आला आणि ताईची डावी बाजू गेली. पायाने हळूहळू दाद दिली, हाताने नाही. मूठ वळली ती वळलीच. याच हाताने लेन्स पेलून तिने आयुष्यभर लोकांच्या समारंभांचे फोटो काढले होते, घराचा गाडा ओढला होता, धाकट्या भावाला कॅमेरादुरुस्ती शिकवली होती. आता ती त्याच्या दुकानामागच्या खोलीत राहायची.

जुन्या लेन्सची रबरं बदलण्यात भावाचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोकस जुळवायला फिरवतात त्या रिंगवरचं रबर वापरून गुळगुळीत होतं, फुगतं, सैल पडून बोटाखाली सरकतं. तो ते चिमट्याने अलगद सोलून काढायचा, खालचा चिकटा स्पिरिटने पुसायचा आणि जरासं घट्ट नवं रबर ताणून चढवायचा. अशा नव्यासारख्या केलेल्या लेन्स तो दुकानात विकायचा.

"माझ्याही लेन्सचं बदलून दे की," ताई एकदा म्हणाली. "फिरवून फिरवून हात सुटला तर सुटला."

त्याने मन लावून बदलून दिलं, आतलं ग्रीससुद्धा नवं घातलं. ताई दिवसभर दुकानात स्टुलावर बसून उजव्या हाताने डाव्याची बोटं उलगडायची, रिंगवर ठेवायची, ढकलायची. काही महिन्यांनी अंगठा आणि दोन बोटं आपणहून हलू लागली.

एक दिवस एक चिकित्सक गिऱ्हाईक आलं. "रबर नवं आहे, पण रिंग जड नाही ना फिरत?"

भावाने ती लेन्स सरळ ताईच्या हातात दिली. "ही माझी बहीण. हात लुळा आहे तिचा. बघा आता."

ताईने रिंग फिरवली. गिऱ्हाईक खूश होऊन लेन्स घेऊन गेलं. त्या संध्याकाळी ताईने भावजयीला दोनदा सांगितलं, "आज माझा उपयोग झाला गं दुकानात."

मग तो रिवाजच पडला. कुणी आलं की भाऊ नुसता म्हणायचा, "ताई, हात!" ताईचं स्टूल त्याने दाराकडे तोंड करून ठेवलं. लोक मित्रांना घेऊन बघायला येऊ लागले.

हात सुधारत गेला. एका सकाळी तिने डाव्या हाताने बाटलीचं झाकण उघडून दाखवलं. भाऊ हसला नाही. त्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "यांचा हात तर चांगला दिसतोय की!" लोक गेल्यावर भावाने ताईची लेन्स काढून घेतली आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.

"हाताला फार ताण देऊ नकोस. डॉक्टर म्हणाले होते."

"डॉक्टर उलटं म्हणाले होते रे."

"मला शिकवू नकोस, ताई."

"अहो, द्या ना वन्संना," भावजय म्हणाली. "त्यांचीच आहे ती."

"तुला काय कळतं दुकानातलं?"

ती आत निघून गेली. थोड्याच दिवसांत ताईची बोटं पुन्हा आत वळली.

त्यानंतर एक संग्राहक आला. त्याला नेमकी ताईकडे होती तशीच लेन्स हवी होती. भावाने कपाट उघडलं. ताईने हात शालीखाली दडवला.

"ती माझी आहे."

"तुझी? मग काढ की फोटो," भाऊ हसला. संग्राहकही भिडेखातर हसला. भावाने शालीखालून हात ओढून काढला आणि एकेक बोट सरळ करून रिंगवर ठेवलं. ताईने ओठ दाताखाली घट्ट धरला.

"दुखत नाही ना त्यांना?"

"छे हो! त्या बाजूला जाणीवच नाही."

रिंग लोण्यासारखी फिरली. काम खरंच उत्तम झालं होतं. संग्राहकाने लेन्स मऊ फडक्यात गुंडाळली, ताईला अदबीने नमस्कार केला आणि तो गेला.

"दुखतं रे," ताई म्हणाली.

"माहीत आहे," भाऊ म्हणाला. त्याने पुढची लेन्स उचलली आणि चिमट्याने रबराची कड सोडवायला घेतली. "आत जाऊ नकोस. अजून एक जण यायचाय."