पिंप भरले कोणी?

मी एक जुने ओकच्या लाकडाचे पिंप आहे. मित्रांनो, आज माझ्या अंगाला खारवलेल्या हेरिंग माशांचा वास येतो. तो चांगला आहे. पूर्वी जो येत असे, त्याची मला अजून शिसारी येते.

नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, एका बंदरगावात, लॉक्लन मॅकॅस्किलने मला घडवले. त्याने फळ्या वाफवून वाकवल्या, भोवती लोखंडी पट्टे ठोकले आणि पाणी भरून पाहिले. थेंबही गळला नाही. "असं पिंप अख्ख्या किनाऱ्यावर मिळायचं नाही," असे त्याची बायको एफी म्हणाली, तेव्हा मी हरखून गेले.

माझे दुर्दैव असे, की मला विकत घेतले अब्नर क्रॉवेल या मासळीच्या व्यापाऱ्याने. त्याला हॅलिफॅक्सच्या विधानसभेत जायचे होते. त्या काळी मत गुपचूप देत नसत. मतदानाच्या मांडवात उभे राहून सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव मोठ्याने घ्यावे लागे. क्रॉवेलने मला रमने काठोकाठ भरले आणि मांडवाच्या तोंडाशीच ठेवले. माणसे पीत, नाव घेत आणि पुन्हा प्यायला येत. एकजण तर माझ्या अंगावरच ओकला. क्रॉवेल मात्र टोपी काढून प्रत्येकाचे आभार मानत होता. किळस आली मला.

लॉक्लनने सात वर्षांपूर्वी दारू सोडली होती. तो मत देऊन निघालाच होता, तेवढ्यात क्रॉवेलने स्वतः पेला भरला.

"अरे लॉक्लन, तुझ्याच हातचं पिंप! त्याचा तरी मान राख."

"नको साहेब, बायकोला शब्द दिलाय."

"ऐकलंत का रे? मतही बायकोला विचारूनच दिलं असेल यानं!"

सगळे खदाखदा हसले. लॉक्लन प्यायला. मग तो थांबलाच नाही. दुसऱ्या हिवाळ्यात, झिंगलेला असताना, बंदरातल्या पातळ बर्फातून तो खाली गेला आणि बुडाला.

क्रॉवेल सहा मतांनी निवडून आला होता. चिखलाच्या बुटांनी माझ्या डोक्यावर चढून त्याने भाषण ठोकले आणि मला कोठारात फेकून दिले. पुढे त्याने दोनदा पक्ष बदलला. जिकडे घुगऱ्या तिकडे उदोउदो. आठ वर्षांनी गावोगाव दारूबंदीचे वारे सुटले, तेव्हा करून करून भागले नि देवपूजेला लागले, तसा हा गृहस्थ दारूबंदीचा पुढारी झाला. आता त्याला मंत्री व्हायचे होते.

चर्चसमोर सभा भरली. मला बाहेर काढले. क्रॉवेलने डोळे पुसत लॉक्लनची कहाणी सांगितली, स्वतःचा पेला तेवढा गाळून. मग त्याने एफीच्या हातात कुऱ्हाड दिली.

"एफीबाई, पहिला घाव तुमचा. या राक्षसानं तुमचं घर बुडवलं."

मी भीतीने गारठले. तिने कुऱ्हाड त्याच्या पायाशी टाकली.

"पिंप माझ्या नवऱ्यानं केलं. भरलं कोणी, तेही सांगा की साहेब! सांगा, सगळे ऐकतायत."

मांडवात मोठ्याने नाव घेणारे सगळे आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. क्रॉवेलने घाईघाईने प्रार्थना सुरू केली. तो त्या वर्षीही निवडून आला आणि मंत्री झाला.

मित्रांनो, पिंपाला कोरडे पडू देऊ नका, धुऊन पुसून ठेवा, म्हणजे ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल. पण माझे मागणे एवढेच नाही. त्या सभेनंतर एफीने मला आडवे केले आणि हेरिंग खारवायला म्हणून घराच्या चढावर एकटीने ढकलत नेले. तिला दोनदा धाप लागून थांबावे लागले. मागे दोनशे माणसे उभी होती. एकानेही हात लावला नाही. तुम्ही लावा.