पलंगाजवळची डबी

खोलीचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट बिघडला की माणसं आधी त्याला चापट मारतात. जणू तो अभ्यास न करणारा पोर आहे. चौतीस वर्षं घरोघरचे आणि ऑफिसांतले थर्मोस्टॅट दुरुस्त करणाऱ्या पाराला या चापटीची भयंकर चीड होती. धंदा तापमानाचा आणि डोकं क्षणात तापणारं, म्हणून कामावरच्यांनी त्याचं नाव 'पारा' पाडलं होतं. भिंतीला नुसता तळहात लावून तो खोलीचं तापमान सांगायचा आणि एका अंशाचा फरक पडायचा नाही. निवृत्त झाला तरी नाव सुटलं नाही आणि हाताची सवयही.

त्या मंगळवारी सकाळी याच पाराने स्वतःच्या घरातल्या थर्मोस्टॅटला फाडकन चापट मारली.

त्याच्या बायकोला थंडी वाजत होती. दवाखान्यातून तिला घरी आणून तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता औषधं फक्त दुखू नये म्हणून. हृदय थकलंय, रक्त हातापायांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे अंगात ऊब राहणार नाही. मुलीने ते बापाला जसंच्या तसं सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सेन्सरवर धूळ बसली असणार."

मग तो हात धुऊन त्या थर्मोस्टॅटच्या मागे लागला. झाकण काढून मऊ ब्रशने धूळ झाडली. बॅटऱ्या बदलल्या. वायरी सोडवून, टोकं घासून पुन्हा आवळल्या. दुपारचं ऊन यंत्रावर पडून ते फसत असेल, म्हणून ते काढून आतल्या भिंतीवर लावलं. जवळचा दिवा हलवला, खिडकीच्या फटी बुजवल्या, हीटरची जाळी धुतली. शेवटी पलंगाच्या तीन बाजूंना तीन थर्मामीटर ठेवले. तिन्ही सत्तावीस दाखवत होते आणि भिंतीवरचं यंत्रही सत्तावीसच. आयुष्यात इतकी यंत्रं त्याला छळून गेली होती, पण बिघडायलाच तयार नाही असं हे पहिलंच.

"बाबा, मला उकडायला लागलंय," मुलगी म्हणाली. "घर तापलंय. यंत्र बरोबर आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला. मग पलंगाकडे वळून हळूच म्हणाला, "अजून वाजतेय गं?"

"थोडीशी," बायको म्हणाली. तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

पाराने हात टेकले. पण दुसऱ्या दिवशी त्याला माळ्यावरची जुनी पेटी आठवली. तिच्यात एक खोटी डबी होती. या धंद्यातली ही जुनी लबाडी. ऑफिसात एकाला उकडतं, शेजारच्याला गार लागतं, आणि तक्रारींनी मेकॅनिकच्या नाकी नऊ येतात. अशा वेळी भिंतीवर एक डबी ठोकायची. तिला फिरवायची चकती असते, चकती फिरवली की आतल्या बॅटरीवर लाल दिवा लागतो, आणि मागे कसलीच वायर नसते. लोक चकती फिरवतात आणि समाधानाने कामाला लागतात. पाराने अशा पन्नासेक डब्या ठोकल्या असतील.

त्याने ती डबी पुसली आणि बायकोच्या हाताला येईल अशी पलंगाजवळ बसवली. "घे," तो म्हणाला. "आता सगळं तुझ्या हातात."

तिने डबीकडे पाहिलं, मग बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "पुढे फिरवायचं ना?"

"पुढे. दहा मिनिटं लागतील."

तिने चकती फिरवली. लाल दिवा लागला. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "अहो, आली ऊब. खरंच आली." पारा स्वयंपाकघरात गेला आणि भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडला. आनंदाने. त्या दिवशी तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो औषधं आणायला निघाला आणि चिठ्ठी विसरली म्हणून जिन्यातून परत फिरला. दार उघडंच होतं. आत बायको मुलीला सांगत होती, "आटप, येतील ते. दुसरी शाल आतून घाल. वरून दिसता कामा नये."

"आई, पाय बर्फासारखे झालेत तुझे. सांगू या ना त्यांना."

"काही सांगायचं नाही. अगं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी कुठल्याशा ऑफिसात अशी डबी ठोकून आले होते. जेवताना सांगता सांगता इतके हसले, की ठसका लागला. म्हणे मागे वायरच नाही, आणि साहेब म्हणतो, आता कसं छान वाटतंय! पुढे दर डबीला घरी येऊन सांगायचे. मी विसरेन होय?"

"मग तू का फिरवतेस?"

"त्यांना काहीतरी दुरुस्त करायचंय गं. माझ्यात तर काही दुरुस्त होण्यासारखं उरलं नाही."

पारा दारात उभा होता. ते पन्नास किस्से त्याने स्वतः, या घरात, याच बाईला हसवायला सांगितले होते, आणि नेमकं तेच तो विसरला होता. तो उलट्या पावली जिन्यात गेला. थोडा वेळ थांबून बूट वाजवत, खोकत परत आला.

"चिठ्ठी विसरलो," तो म्हणाला.

त्याला पाहताच तिने डबीकडे हात नेला. बोटांत जोर नव्हता, चकती हलेना. तो पलंगावर बसला, तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून ती शेवटपर्यंत फिरवली. लाल दिवा लागला. नको असताना त्याच्या तळहाताने आपलं काम केलं. खोली सत्तावीस होती. तिचा हात त्याहून जेमतेम एका अंशाने गरम होता.

"आली ऊब?" त्याने विचारलं.

"आली," ती म्हणाली. "आता कसं छान वाटतंय."

त्याने हात काढला नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मुलीने चिठ्ठी उचलली आणि औषधं आणायला तीच गेली.