खाजाभाईंची पिवळी रेघ

खाजाभाईंना दोन गोष्टींचा फार अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. एक म्हणजे त्यांची पिवळी रेघ. गिअरबॉक्सचं काम झालं आणि गाडी रस्त्यावर नीट चालून आली, की ते गॅरेजमधल्या गाडीखालच्या खड्ड्यात पुन्हा उतरत आणि आवळलेल्या बोल्टवरून शेजारच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढत. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते, एवढाच खरा तिचा उपयोग. पण खाजाभाईंच्या लेखी ती त्यांची सही होती. नाशिक जिल्ह्यात कुठेही गाडी वर उचलली आणि खाली पिवळी रेघ दिसली, तर तिथला मिस्त्री हात मागे घेतो, असं ते सांगत. खरं-खोटं कोणी पडताळून पाहिलेलं नाही, पण अंबडच्या त्यांच्या गल्लीत तरी ते सगळ्यांना पाठ होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा सढळ हात. ऑइल भरताना माप झालं तरी त्यांचा डबा लगेच सरळ होत नसे. वर एक धार ते आपल्याकडून घालत आणि गाडीवाल्याकडे बघून हसत. कंजूषपणाने भरलेल्या ऑइलवर गाडीही कंजूषपणे चालते, हे त्यांचं ठाम मत. जीप, ट्रॅक्टर, टेम्पो, कशाचंच त्या धारेने आजवर काही बिघडलं नव्हतं. त्यामुळे मत बदलायचं कारणही पडलं नव्हतं.

खरं तर तिसरीही एक गोष्ट होती, पण तिच्याबद्दल ते तोंडाने बोलत नसत. ती म्हणजे माहेनूर, त्यांची मुलगी. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून, पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम शिकून ती वर्षभरापूर्वी परत आली होती. ब्रेक, वायरिंग, एसी, सगळं तिच्याकडे. गिअरबॉक्स मात्र अब्बांचा. क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्या हल्ली येऊ लागल्या होत्या. ते काम माहेनूरच्या हातातलं होतं, तरी अब्बा तिला खड्ड्यात उतरू देत नव्हते. शेवटी मुंबई हायवेवरच्या एका वर्कशॉपने तिला बोलावलं, थेट गिअरबॉक्सच्या कामासाठी. आज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा होता. तिने सकाळीच चहा देताना सांगितलं होतं, "अब्बा, तिथे मला गिअरबॉक्स मिळेल. इथे मिळाला असता तर गेले नसते." खाजाभाईंनी बशीत चहा ओतून तो पुरता थंड होईपर्यंत फुंकला.

दुपारी कुसाबाई आल्या. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदार, खाजाभाईंच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. आधी ट्रॅक्टर आणायच्या, मग पिकअप, आणि डावा गुडघा दुखायला लागल्यापासून ही ऑटोमॅटिक मोटार. क्लच दाबायला नको म्हणून त्यांनी ती मुद्दाम घेतली होती आणि स्वतः चालवत. बागेची ऑक्टोबरातली गोडी छाटणी उरकल्यावरच त्यांना इकडे यायला सवड झाली होती.

"खाजाभाई, वणीचा घाट चढताना ही मागून कोणी ढकलल्यावाणी झटका देती," त्या उतरता उतरताच म्हणाल्या. "कधी नुसतीच घुरघुरती, पुढं सरकायचं नाव नाय. आमचा पोरगा रोहित म्हणतो, इकून टाकू. त्याचं काय जातं म्हणायला? त्याचा गुडघा थोडाच दुखतो."

माहेनूरने बॉनेट उघडून गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बाहेर काढली आणि पांढऱ्या फडक्यावर टेकवली. काळपट डाग पडला. तिने तो हुंगून कुसाबाईंच्या पुढे धरला. करपल्याचा वास येत होता.

"मावशी, हे ऑइल लाल असतं. सरबतासारखं. हे कधी बदललंय का?"

"नाय बा. गाडी घेताना तो माणूस म्हणला होता, हे जन्मभर बदलायला नको."

"कोणाच्या जन्मभर, ते नसेल सांगितलं," माहेनूर म्हणाली. "साठेक हजार किलोमीटर झाले की बदललेलं बरं. घाट चढायचा आणि मागे पेट्या लादायच्या, तर त्याच्याही आधी. गिअर मोडलेला वाटत नाही मला. ऑइल बदलून बघू या."

कुसाबाईंनी मान डोलावली, पण नजर खाजाभाईंकडे वळवली. "तुम्ही सोता हात लावणार ना? पोरीचा राग नाय, पण माझ्या गाडीला तुमचाच हात पाहिजे."

खाजाभाईंची छाती फुगली. "दुसरं कोण लावणार, ताई?"

बोलून झाल्यावर त्यांनी माहेनूरकडे पाहिलं. ती फडक्याची घडी घालत होती, चांगली चार वेळा घातली. आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं, आणि तरीही बरं वाटत होतं. माणूस असाच असतो.

खाजाभाई खड्ड्यात उतरले आणि गिअरबॉक्सच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट सोडला. काळं ऑइल खाली येऊ लागलं तेव्हा माहेनूरने खुणा असलेला डबा धारेखाली सरकवला. "जेवढं निघेल तेवढंच घालायचं, अब्बा. निम्मं आतच राहतं, ते आज निघणार नाही. थोडी चालवून पुन्हा एकदा बदलावं लागेल." खाजाभाईंनी हुंकार दिला. बोल्ट आवळून ते वर आले आणि नवं लाल ऑइल ओतायला लागले. मग इंजिन सुरू करून त्यांनी काडी पाहिली. काडीवर दोन खुणा होत्या, खाली एक आणि वर एक. ऑइल खालच्या खुणेशी होतं.

"बस, अब्बा," माहेनूर हळूच म्हणाली. "ऑइल अजून थंड आहे. थंड असताना खालचीच खूण. गरम झालं की फुगून आपोआप वर येतं."

"मी पहिला गिअरबॉक्स खोलला तेव्हा तू पाळण्यात होतीस," खाजाभाई म्हणाले, आणि तेही कुसाबाईंना ऐकू जाईल असं. त्यांनी ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणलं. त्यावर नेहमीची एक धार सोडली. "ही कुसाताईंच्या नावाची."

कुसाबाई खूश झाल्या. माहेनूर रिकामा डबा उचलायला वळली. गिऱ्हाइकासमोर बापाला दुसऱ्यांदा टोकायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं, आणि शिकवणारे हेच होते.

रेघ ओढायच्या आधी गाडी फिरवून आणायची, हा त्यांचा नेम. कुसाबाईंना शेजारी बसवून ते पाथर्डी फाट्यावरून हायवेला लागले. सुरुवातीला गाडी लोण्यासारखी चालली. खाजाभाई जुन्या जीपचा एक किस्सा सांगत होते. विल्होळीच्या अलीकडे चढ लागला तसं इंजिन जोरात ओरडायला लागलं आणि गाडी मात्र जागच्या जागी दमल्यासारखी झाली. पाय दाबावा तर नुसता आवाज. त्यांनी किस्सा अर्धवट सोडून गाडी कडेला घेतली.

"आधी निदान झटका देऊन तरी पुढं जायची," कुसाबाई म्हणाल्या. "आता तेबी इसरली."

खाजाभाईंनी बॉनेट उघडलं. गिअरबॉक्सच्या अंगावरून लाल ऑइल ओघळून रस्त्यावर ठिपकत होतं. काडी बाहेर काढली तर तिच्यावर ऑइलपेक्षा फेसच जास्त, घुसळलेल्या ताकावर असतो तसा. गाडी काय सांगते ते त्यांना कधी दोनदा विचारावं लागलं नव्हतं. ऑइल फुगून वर आलं, फिरत्या गिअरनी ते घुसळलं, आणि फेसाला गिअर ढकलायचा जोर नसतो. मुलीने सांगितलेलं अक्षरन् अक्षर समोर होतं. आपल्याच धारेने गाडी अडली होती.

बाजूने ट्रक जात होते. कुसाबाई म्हणाल्या, "गिअरबॉक्सच गेला म्हणायचा का? रोहितचंच खरं झालं."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. जुनी गाडी, घाटातलं चालवणं, कोणीही मान डोलावली असती आणि पिवळ्या रेघेला धक्का लागला नसता. खाजाभाईंना त्या एका क्षणाची पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली, कारण तोंड उघडलंही होतं. पण हयातभर ज्या नावाचा तोरा मिरवला, ते असल्या खोट्यावर टिकवायचं म्हणजे काय टिकवायचं?

"गिअरबॉक्स चांगलाय, ताई," ते म्हणाले. "चूक माझी झाली. ऑइल जास्त झालं. माहेनूर नको म्हणत होती."

मग त्यांनी फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या बाबतीत दुसऱ्याला विचारलं, "बेटा, काय करू?"

"इंजिन बंद करा आणि चहा प्या," माहेनूर म्हणाली. "फेस बसू दे. मी येते."

ती स्कूटीवरून आली, पायाशी रिकामा डबा आणि पाठीवरच्या पिशवीत मोठी पिचकारी व बारीक नळी. मी म्हटलं होतं ना, असं एका शब्दानेही म्हणाली नाही. काडी असते त्या भोकातून तिने नळी आत सोडली आणि जास्तीचं ऑइल ओढून काढायला लागली. काढलेलं धरायला कोणीतरी हवं होतं. खाजाभाई डबा घेऊन उभे राहिले.

"आन् तुम्ही काय करताय?" कुसाबाईंनी विचारलं.

"मी डबा धरतोय," खाजाभाई म्हणाले.

माहेनूरने कुसाबाईंनाच स्टिअरिंगवर बसवलं. "मावशी, इंजिन सुरू करा. ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. आता गिअरचा दांडा प्रत्येक जागी न्या, जरा थांबा, पुढच्या जागी न्या, आणि परत पार्किंगला आणा. म्हणजे ऑइल सगळीकडे फिरेल." इंजिन चालू असतानाच तिने काडी पुसली, घातली, काढली. ऑइल आता गरम होतं, म्हणून वरची खूण. थोडं आणखी काढलं, पुन्हा पाहिलं. ऑइल बरोबर खुणेवर आल्यावर तिने पिचकारी खाली ठेवली.

खाजाभाई तिचे हात बघत होते. घाई नव्हती, आणि थेंबभरही इकडे-तिकडे नव्हतं. त्यांना आठवलं, आपले हात तिच्या वयात असे नव्हते, थरथरायचे. उस्ताद ओरडेल म्हणून थरथरायचे. या पोरीचे हात हायवेवर, गिऱ्हाइकासमोर, बापासमोर थरथरत नव्हते. अभिमानाने त्यांचे डोळे भरून आले आणि डबा धरलेला असल्याने ते पुसताही येईनात.

परतताना गाडी कुसाबाईंनीच चालवली. मुद्दाम आधी विल्होळीपर्यंत नेली, चढावर पाय दाबला, आणि गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही. "वणीचा घाट आता हिला गल्लीवाणी वाटंल," त्या म्हणाल्या. मग आरशातून मागे बसलेल्या खाजाभाईंकडे बघत विचारलं, "ते दुसऱ्यांदा बदलायचं म्हणली पोरगी, ते कोण करणार?"

"तिलाच विचारा, ताई. गिअरबॉक्सचं आता तीच बघते."

स्कूटीवर मागून येणाऱ्या माहेनूरला हे ऐकू आलं नाही. गॅरेजात गाडी खड्ड्यावर लागली तेव्हा खाजाभाईंनी फळीवरून पिवळ्या रंगाची डबी आणि ब्रश काढला आणि तिच्या पुढे धरला. तिने लगेच घेतला नाही.

"बोल्ट तुम्ही आवळलाय, अब्बा. रेघ तुमची."

"बोल्ट माझा. गाडी तुझी. उतर खाली."

ती खड्ड्यात उतरली. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजायला लागला. कोणाचा ते दोघांनाही माहीत होतं. खाजाभाईंना तो वाजून वाजून बंद पडू द्यावासा फार वाटला. पण त्यांनी फोन उचलला, खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले आणि तो तिच्या कानाशी धरला, कारण तिच्या एका हातात डबी होती आणि दुसऱ्यात ब्रश.

"हो सर, बोलतेय," माहेनूर म्हणाली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ती वर बोल्टकडे बघत होती. "नाही सर. तुम्ही विचारलंत त्याबद्दल आभारी आहे. पण एक गाडी दुसऱ्यांदा ऑइल बदलायला येणार आहे, आणि ती माझ्याकडे आहे."

मग तिने रेघ ओढली. जराशी वाकडी आली. खाजाभाई ती बघत तसेच गुडघ्यावर बसून राहिले, आणि उठून बाहेर आले तेव्हा खुर्चीवर गुडघा चोळत बसलेल्या कुसाबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

"काय झालं, खाजाभाई? डोळ्यात ऑइल गेलं का काय?"

"नाही, ताई," खाजाभाई म्हणाले. "पोरगी कामाला लागली. आमच्याकडे."