मैदान भरतं तेव्हा

हॅलोमावशींना खऱ्या नावानं हाक मारणारं आता गल्लीत कुणी उरलं नव्हतं. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं.

एके काळी उन्हं उतरली की गल्लीतल्या बायका आपापल्या घरची खुर्ची उचलून मागच्या मैदानावर यायच्या. प्रत्येकीची जागा ठरलेली. मावशींची नणंद आपल्या मोडक्या खुर्चीच्या पायाखाली वीट लावायची, आणि ती वीट कुणी हलवली तर आभाळ डोक्यावर घ्यायची. मग एकेक खुर्ची कमी होत गेली. कुणी मुलाकडे राहायला गेलं, कुणी कायमचंच गेलं. नणंदही गेली. मावशींनी मात्र रिवाज मोडला नाही. रोज खुर्ची घेऊन जायच्या, दिवे लागेपर्यंत गप्प बसायच्या आणि परत यायच्या.

एक दिवस मैदानाच्या तोंडाशी फलक लागला: इथं बस डेपो होणार, कुणाची हरकत असेल तर जनसुनावणीत मांडावी. झोपलेली गल्ली खडबडून जागी झाली. मैदान वाचवायला समिती निघाली, कोपऱ्यावरचा केमिस्ट तिचा अध्यक्ष झाला आणि पहिला मावशींच्या दारात आला.

"मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. सुनावणीत तुम्हीच बोलायचं."

"काय बोलू बाबा?"

"हेच, की संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नसते."

"अरे, पण चिटपाखरूही येत नाही तिथं!"

"येईल हो. गुरुवारी साहेबलोक पाहणीला येणार आहेत. बघालच तुम्ही."

गुरुवारी मावशी खुर्ची घेऊन गेल्या आणि बघतच राहिल्या. मैदान माणसांनी फुललं होतं. म्हातारे, पोरंबाळं, खुर्च्या, सतरंज्या. तळमजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई, ज्या एरवी जिन्यात मान हलवून सटकायच्या, त्या खुर्ची ओढून मावशींना खेटून बसल्या.

"पूर्वी काय बोलायचात हो तुम्ही इथं?"

मावशींना कुणी इतक्या आपुलकीनं विचारून युगं लोटली होती. त्यांनी नणंदेची गोष्ट काढली. एकदा ती नवऱ्यावर रुसून गावी निघाली, स्टेशनवरून मावशींच्याच एक्स्चेंजला फोन लावला, आणि मावशींनी आवाज बदलून...

"अगं बाई! मग?" बाईंनी मावशींच्या हातावर हात ठेवला.

तेवढ्यात पाहणीवाल्यांची गाडी वळणाआड गेली. केमिस्टनं टाळी वाजवली. "गेले! झालं काम. चला."

"उरलेलं नंतर हं, मावशी. पोरं आली असतील शिकवणीला." बाईंनी खुर्ची मिटली. बघता बघता सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. मावशींच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

सगळं साहेबलोकांना दाखवायला होतं, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या दोन खुर्च्या घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशीही.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. टेबलामागे नगररचना खात्यातल्या बाई होत्या, शेजारी मोठा नकाशा. मावशींची पाळी आली तसा केमिस्टनं मागून अंगठा वर केला.

"आजी, मैदानावर लोक रोज येतात?"

"तुम्ही आलात त्या दिवशी सगळे आले होते," मावशी म्हणाल्या. "फार बरं वाटलं. तुम्ही रोज येत जा ना."

सभागृह हसलं. केमिस्टनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे एरवी?"

"एरवी मी असते."

"मग तुमचं म्हणणं काय? डेपो व्हावा की होऊ नये?"

यावर मावशींनी बराच विचार केलेला होता. डेपो झाला तर माणसं येतील, हे त्यांनाही दिसत होतं. "नको," त्या म्हणाल्या. "बसची वाट बघणारं माणूस शेजारी बसतं, पण त्याचा जीव रस्त्यात असतो. मला नुसतं बसायला येणारं माणूस हवंय."

बाईंनी नकाशातल्या मैदानावर पेन्सिलीनं खूण केली. मग त्यांनी जाहीर केलं, की महिनाभर न कळवता माणूस पाठवून मैदानाचा वापर बघू. रोज वापरात दिसलं तर डेपो दुसरीकडे, नाहीतर इथंच.

गल्लीनं मावशींना घरभेदी ठरवलं. पण केमिस्टनं पाळ्या लावल्या, आणि मैदान रोज भरू लागलं. फक्त मावशींच्या भोवती मोकळं रिंगण राहायचं. शिकवणीवाल्या बाई जवळून गेल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, "आलाच आहात तर इथं टेका की. ती गोष्ट अर्धी राहिली."

"नको बाई. परत साहेबांपुढे जाऊन काहीतरी सांगाल. तुमच्यापायी माझ्या शिकवण्या बुडतायत."

लांबून बघण्यापलीकडे मावशींना उद्योग नव्हता, म्हणून त्यांना दिसलं. रस्त्याकडच्या कठड्यावर एक अनोळखी बाई मधूनमधून येऊन बसायची. मांडीवर मोठी पिशवी, पण तिच्यातून कधी काही काढायची नाही. मंगळवारी यायची, शनिवारी यायची. मावशींनी ओळखलं, पाहणीला पाठवलेलं माणूस ते हेच.

शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी केमिस्ट घरी आला. पहिल्यांदाच खुर्चीवर बसला, पाणी मागून प्यायला.

"मावशी, लोक कंटाळलेत हो. तो पाहणारा माणूस कोण, कधी येतो, एवढं कळलं तर तेवढेच दिवस येता येईल. तुमची नजर बारीक. सांगा, आणि मागचं सगळं विसरलो बघा. शिकवणीवाल्या बाईसुद्धा म्हणत होत्या, मावशींकडे एकदा जायला हवं."

मावशींनी रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला. आत जाऊन विसळला, पालथा घातला, तरी त्यांना बाहेर यायला वेळ लागला.

"मला नाही रे कुणी दिसलं," त्या म्हणाल्या. "रोजच यावं लागेल तुम्हाला."

केमिस्ट उठला आणि जिना उतरून गेला. मावशींनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा भरलं. कठड्यावर कुणी नव्हतं. शिकवणीवाल्या बाई पार त्या टोकाला कुणाला तरी काहीतरी सांगत होत्या, आणि सांगता सांगता खो खो हसत होत्या. शब्द इथवर पोचत नव्हते. मावशींनी आपल्या जागेवरून थोडं हसून घेतलं.